शेजारच्या सीटवरचं उत्तर

बी.एड.च्या सराव पाठांच्या दिवसांत मी रोज सकाळच्या एसटीनं वडवणीहून बीडला जायची. शेजारी बहुतेक वेळा सीताफळं विकणारी एक मावशी असायची. टोपलं मांडीवर, आणि तिचा अंगठा एकेक फळ हलकेच दाबत फिरायचा. पिकलेलं लागलं की ते वर यायचं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझा पहिला पाठ बियांच्या प्रसारावर होता, आणि तपासायला कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर बसणार होत्या. टाचणवहीत एका बाजूला माझे प्रश्न, दुसऱ्या बाजूला मुलांनी द्यायची उत्तरं. तीही मीच लिहिलेली. बसमध्ये मी दोन्ही पुटपुटायची. "बिया दूर कशा जातात? वारा, पाणी, प्राणी. शाब्बास."

पाठाच्या आदल्या दिवशी मावशीचा अंगठा थांबला.

"आगं पोरी, चार दिस झालं आयकाया लागले मी. इचारतीस बी तूच, सांगतीस बी तूच, शाबासकी बी सोतालाच देतीस. मग पोरं शाळंत कशाला येतील?"

पुढच्या सीटवरचेही हसले. मी वही मिटली आणि तिच्याकडे वळले. "मावशी, बिया दूर कशा जातात?" विचारलं, आणि पहिल्यांदाच गप्प बसले.

ती वानरांपासून सुरू झाली. मग कावळे आले, खारी आल्या, बांधावर बसून कोण सगळ्यात लांब बी थुंकतं याची पैज लावणारी तिची भावंडं आली. बीड आलं तरी तिचं उत्तर चालूच होतं.

उतरण्याआधी मी वहीतल्या उत्तरावर काट मारली. दुसऱ्या दिवशी तो एकच प्रश्न अख्ख्या तासाला पुरला.