गावकीचं लोखंड

आमच्या गावची सामाईक भांडी पावसाळ्यात दोन ठिकाणी राहतात. तांब्या-पितळेची देवळामागच्या खोलीत कुलपात, आणि लोखंडाची कुणाच्या तरी घरी. आमचं गाव खांब गावाच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. देवळामागच्या त्या खोलीत आषाढात भिंतीला पाठ टेकवली तर ब्लाउज ओला होतो, तिथे लोखंड ठेवून त्याची माती कशाला करायची? म्हणून मृगाच्या आधी दोन मोठ्या कढया, तीन तिवया आणि लांब दांड्यांचे झारे-कालथे एका घराच्या हवाली करायचे आणि नवरात्रातल्या भंडाऱ्याला त्या घराने ते परत आणून द्यायचे, अशी पाळी आहे.

पूर्वी याचं कुणाला ओझं वाटत नसे. घरोघरी चूल होती. कढई चुलीवरच्या वाशाला टांगली की चार महिने धूर खाऊन काळी कुळकुळीत राही. आता सगळ्यांकडे गॅस आणि वर स्लॅब. त्यामुळे गावकीच्या बैठकीत लोखंडाचा विषय निघाला की निम्म्या लोकांना एकदम फोन येतात आणि ते बोलत बोलत बाहेर जातात.

गेल्या वर्षी अशाच बैठकीत आमच्या ह्यांनी हात वर केला. पाळी आमची नव्हतीच.

हे रोह्याला एका कंपनीत स्टोअरला होते आणि त्याच उन्हाळ्यात रिटायर झाले. सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. देवळाचा स्लॅब टाकला तेव्हा हे ड्युटीवर, पालखी आली तेव्हा नाइट करून झोपलेले. कुणी त्यावरून बोललं नाही, पण कामं वाटताना यांचं नाव कुणी घेईनासं झालं. ‘त्याला राहू दे, त्याची शिफ्ट आसंल,’ एवढं म्हणून पुढच्याचं नाव. रिटायर झाल्यावरही तेच. एकदा जेवताना हे म्हणाले, “मी आता घरी असतो, हे लोकांना दिसत नाही का?”

“मला दिसतं ना दिवसभर,” मी म्हटलं. पण ते त्यांना लागलेलं होतं, हे मला कळत होतं.

तर हात वर केला. शेजारचे काका गावकीचं सगळं बघतात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुला झेपंल काय रं? लोखंड हाय. त्याला सुट्टी नसते.”

“काका, आख्खं आयुष्य स्टोअरमध्ये गेलंय माझं. एक बोल्ट गंजू दिला नाही.”

हे वाक्य ह्यांनी पन्नास माणसांसमोर उच्चारलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते, तिथून मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. कारण आता कढया गंजल्या असत्या तर ह्यांना गावात पुन्हा कुणी कसलंच काम सांगितलं नसतं.

कढया आमच्या पडवीत आल्या. माझी पिठाची गिरण पडवीला लागूनच्या खोलीत आहे, त्यामुळे पुढचा सगळा कार्यक्रम मला दळता दळता दिसत होता. आधी ह्यांना ग्रीस आणायचं होतं.

“वडे ग्रीसमध्ये तळायचेत का?” मी विचारलं.

“मग काय लावायचं?”

“खोबरेल. आणि न्हाणीतल्या चुलीवर टांगा. पाणी तापवायला रोज धूर होतोच.”

“धूर म्हणजे काही पद्धत नव्हे. पॅकिंग लागतं, पॅकिंग.”

खोबरेल माझ्याकडूनच नेलं, धूर नाकारला. मग ह्यांनी गावभर फिरून बुटांच्या खोक्यांतल्या, औषधांच्या बाटल्यांतल्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या गोळा केल्या. त्या ओल शोषतात. मोटारीचा एखादा सुटा भाग ठेवायला ठीक, पण इथे एकेका कढईत दोन पोरं आंघोळ करतील. सगळ्या पुड्या दोऱ्यात ओवून ह्यांनी कढयांच्या कानांना बांधल्या. लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवासारख्या दिसत होत्या दोघी. मी तसं म्हटल्यावर ह्यांनी माझ्याशी दुपारपर्यंत बोलणं टाकलं.

उरलं गुंडाळणं. प्लास्टिकला आतून घाम येतो हे ह्यांना माहीत होतं, ते मान्य करायला हवं. गोणपाट पाहिजे होतं, जाड आणि जुनं. ते गावात मिळेना, सगळ्या गोणी आता प्लास्टिकच्या. त्याच दिवसांत माझ्या गिरणीचा पट्टा तुटला आणि तो आणायला मी पेणला गेले. संध्याकाळी परत आले तर पडवीच्या कोपऱ्यात सगळं लोखंड गोणपाटात शिवून, सुतळीनं आवळून, फळीवर बसवलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांच्या हातात दाभण पाहिला.

“छान,” मी म्हटलं. त्यांचं काम होतं, मी त्यात पडायचं नाही असं ठरवलं होतं.

पावसाळाभर हे रोज सकाळी त्या गाठोड्यांवर थाप मारत. दळायला आलेल्या बायकांना समजावून सांगत की लोखंड गंजतं ते पाण्यानं कमी आणि दमट हवेनं जास्त, म्हणून हवा आणि लोखंड यांच्यात काहीतरी पाहिजे. बायका पिठाचा डबा कमरेवर घेऊन ऐकत. शेजारची काकी एकदा म्हणाली, “काय गो, सोन्याची कढई हाय काय ती?”

गणपती गेले, पितृपक्ष लागला. एक दिवस असं कडक ऊन पडलं की अंगणातलं शेवाळसुद्धा वाळलं. मी पडवी झाडत होते. फरशी सगळी कोरडी खडखडीत होती. फक्त त्या फळीखाली ओलं. पडवीला अजून कौलंच आहेत; वर पाहिलं, ती गळत नव्हती. गोणपाटाला हात लावला तर तेही ओलसर, चिकट. मी बोट जिभेला लावलं.

माझं माहेर जिते गावाच्या पलीकडे, खाडीकाठी. आमचं मिठागर होतं, आता भाऊ थोडंफार करतो. तिथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत म्हणून वडील कातडी पट्ट्या ठोकत. खिडकीत विसरलेला केसाचा आकडा दुसऱ्या पावसात मोडून पडतो. मला ती चव काय, वाससुद्धा पुरला असता, पण गिरणीच्या पिठात माझं नाक गेलंय.

“गोणी कुठून आणल्या होत्या?” मी हाक मारून विचारलं.

“तुझ्या भावाकडून. एवढ्यासाठी रोह्याहून गाडी पकडून गेलो होतो,” आतून अभिमानानं उत्तर आलं. “जुन्या आहेत, पण एकही भोक नाही.”

“काय भरलेलं होतं त्यात?”

मग हे बाहेर आले.

“झटकल्या होत्या मी,” हे म्हणाले.

“त्यानं काही म्हटलं नाही?”

“म्हणाला, भावोजी, ताईला इचारलंव का? मी म्हटलं, तिला काय विचारायचं, पॅकिंगचं काम आहे.”

मिठाच्या गोणीतलं मीठ झटकून जात नाही. ते धाग्याधाग्यात बसतं आणि पावसाची हवा पिऊन पाणी सोडत राहतं. शिवण उसवली. कढई पिकलेल्या सुपारीच्या रंगाची झाली होती. हात लावला की पापुद्रे हातात येत होते. पांढऱ्या पुड्या तेल पिऊन टम्म फुगल्या होत्या. तिवईचा एक पाय तर असा दिसत होता की जणू खाडीतून काढलाय.

हे गिरणीच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. आपण घासू.”

घासू म्हणणं सोपं. आमसुलाचं पाणी, विटेचा तुकडा आणि काथ्या घेऊन हे मागच्या अंगणात बसले, आणि पहिल्याच घासण्याला असा आवाज झाला की कुंपणावरचे कावळे उडाले. लोखंडावर वीट गुपचूप घासता येत नाही. ह्यांनी यावर उपाय काढला.

“गिरण लाव.”

“दळण नाहीये.”

“आपलं लाव काहीतरी. आवाजात आवाज जाईल.”

गिरण रिकामी चालवून दगड खराब करायची माझी तयारी नव्हती, म्हणून घरचे तांदूळ ओतले. आवाज झकास झाला, विटेचा अगदी बुडाला. फक्त एक गोष्ट ह्यांच्या स्टोअरकीपरच्या डोक्यात आली नाही. गावात गिरणीचा आवाज आला की बायका दळण घेऊन निघतात.

काकी सगळ्यात आधी पोचली. डबा ठेवला, सवयीनं मागच्या दारात पाय धुवायला गेली आणि तिथेच थबकली. हे उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत लाल.

“अगो बाय! ह्याला काय शिक्षा केलीस?”

“काकी,” हे उठून उभे राहिले, “गावात सांगू नका.”

“मी कशाला सांगू?” काकी वाकली, एक पापुद्रा उचलला, मग गोणपाटाकडे पाहिलं. ते उन्हात पडलं होतं आणि त्यावर पांढरी रांगोळी फुलली होती. तिला सगळं समजलं. ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरून इतकी हसली की मला गिरण बंद करून तिला पाणी द्यावं लागलं. “मिठाच्या गोणीत? सासरवाडीच्या? अरे, मीठ खाऊन कढई तरी जागली काय तुला?”

काकीनं कुणालाही सांगितलं नाही. फक्त संध्याकाळपर्यंत काका आणि त्यांच्यामागे गावकीतले चारपाच जण आमच्या मागच्या अंगणात उभे होते.

ह्यांच्या हातात वीट तशीच. मला वाटलं, आता एक वाक्य येईल, तेच जुनं ‘त्याला राहू दे’, आणि हे जन्मभर घरात बसतील. काकांनी कढई एका बाजूनं उचलून उन्हाकडे धरली, बोटानं वाजवली.

“लय गंजलीय,” ते म्हणाले.

“तुमच्या पाळीला काय कमी गंजली होती?” काकी म्हणाली.

“गप गो.”

“का गप? भल्या पहाटं वढ्यावर नेलीत ना घासायला? मला म्हनालात, कुनाला बोलू नको. मी बोलले काय आजपर्यंत?”

“आता बोललीस ना!” काका म्हणाले, आणि मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्याकडे काकी वळली. “तू काय हसतंस? तुझी आय टेम्पोत घालून नागोठण्याला घेऊन गेली होती भाचीकडं घासायला.”

मग कुणाचंच लपून राहिलं नाही. एकानं रेतीत पुरून घासली होती, एकानं घासून वर चुलीची काजळी फासली होती. दरवर्षी प्रत्येक घरानं कढया गंजवल्या होत्या, चोरून घासल्या होत्या आणि भंडाऱ्याला साळसूद चेहऱ्यानं आणून ठेवल्या होत्या. माझ्या सासूबाई म्हणायच्या की ही कढई हलवायला चार बाप्ये लागत. मला वाटायचं, त्यांच्या काळचे बाप्ये अशक्त असतील; कढईच दरवर्षी घासून झिजत आलीय, हे आत्ता कळलं.

“पर एक हाय,” काका ह्यांना म्हणाले. “मिठात कुनी घातली नव्हती. ते तूच.”

“ते मीच,” हे म्हणाले, आणि मला बरं वाटलं, कारण त्यांनी कंपनीचं नाव काढलं नाही.

माणसं आलीच होती, तर मी कामाला लावली. घासलेलं लोखंड धुऊन ओलं ठेवलं तर तासाभरात पुन्हा लाल होतं, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. म्हणून तर दरवर्षी दोनदोनदा घासत असणार. तीन दगडांवर जाळ केला. घासायचं, धुवायचं, लगेच फडक्यानं पुसायचं आणि जाळावर धरायचं, धूर निघेपर्यंत. मग गरम असतानाच तेलाचा बोळा. काका जाळ सारत होते, हे बोळा फिरवत होते आणि काकी पायरीवरून दोघांच्या चुका काढत होती. तिवईचा तो पाय मात्र कामातून गेला. तो रोह्याहून वेल्डिंग करून आणावा लागला.

भंडाऱ्याला पहिला घाणा जरा सावळा निघाला. पंगतीत बसलेले काका म्हणाले, “खारट लागतात काय रं वडे?” आणि पंगत हसली. हे वाढत होते. त्यांनी हसत काकांच्या पानात आणखी दोन टाकले.

दुसऱ्या दिवशी मी चहा गाळत होते तेव्हा कुंपणाबाहेरून काकांची हाक आली. “अरं, हाईस काय? मांडव सोडायचाय, बांबू उतरवायला मानूस पायजे. चल.”

हे लेंग्यावर शर्ट चढवत निघालेसुद्धा. चहा घेऊन जा म्हटलं, तर “आल्यावर घेतो” म्हणाले. बांबूचं काम दुपारशिवाय आटपत नाही. मी दोन्ही कप प्यायले आणि गिरणीचं दार उघडलं.