सिंहाच्या तोंडातली कडी

कमळाकर दुकानाची पायरी चढताना दिसला, की दिनानाथशेठ चष्मा काढून पुसायला घेई. पनवेलच्या बाजारातलं त्याचं हार्डवेअरचं दुकान जुनं होतं, गिऱ्हाइकांची त्याला सवय होती. पण असं गिऱ्हाईक त्यानेही पाहिलं नव्हतं. तो मुकाट्याने कपाटाच्या पितळी मुठी पुन्हा एकदा काउंटरवर मांडी. वेलबुट्टीच्या, कमळाच्या, मोराच्या. कमळाकर एकेक मूठ तळहातावर तोलून बघे, बोट अडकवून ओढून बघे. आयुष्य मिठागरावर गेलेलं. घट्टे पडलेली ती बोटं मोराच्या मानेत शिरत नसत.

“दार उघडायचं का मोराचा गला दाबायचा?”

“मग साधं हँडल न्या ना, काका.”

“साधं कशाला? हॉलात लावायचं हाय.”

गव्हाणची जमीन नव्या शहरासाठी गेली आणि मोबदल्याच्या पैशातून कमळाकरने पनवेलला घर बांधलं. जमिनीच्या कागदांवर त्याने एका दुपारी उभ्याउभ्या सह्या केल्या होत्या. त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही कुणाला विचारलं नाही. सह्या करून बाहेर आला आणि चहा प्यायला. मुठीच्या बाबतीत मात्र त्याचा पाय निघत नव्हता. निवडायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली होती, आणि ती लवकर संपावी असं त्याला वाटत नसावं.

हॉलात काशिराम सुताराने केलेलं सागवानी कपाट भिंतभर उभं होतं. मुठीवाचून. भामाला, त्याच्या बायकोला, ते उलथन्याने उघडावं लागे. उघडूनही उपयोग नव्हता. मूठ लागेपर्यंत आत चमचासुद्धा ठेवायचा नाही, असा नवऱ्याचा हुकूम होता.

“अवो, पावने यायचे हायत,” भामा म्हणे. “कामोठ्याची मानसं. पोरीला बघतील का तुमच्या कपाटाला?”

“आधी कपाटच बघतील.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दिपिकासाठी चालून आलेलं हे स्थळ भामाला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलगा नोकरीला, घर चांगलं. आणि कमळाकरने एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कुणाबद्दल तरी ऐकलं होतं: पैसा आला, पन घर लावता येत नाय. ते बोलणं दुसऱ्याबद्दल होतं, पण तो अर्ध्या जेवणावरून उठला. त्या दिवसापासून लोक घरात शिरताना आधी काय बघतात, याचाच तो विचार करी.

शेवटी पाहुण्यांच्या आदल्या आठवड्यात त्याला हवं ते सापडलं. शेठने मागच्या खोक्यातून सिंहाचं तोंड काढलं. आयाळ, सुळे, आणि सुळ्यांत धरलेली जाडजूड कडी. कमळाकरने हाताची आख्खी मूठ तीत घातली. बसली. रुबाबाचं दार म्हणून त्याने जन्मात एकच दार पाहिलं होतं, गावच्या देवळाचं. त्याचा चेहरा उजळला आणि दोन्ही दारांसाठी त्याने जोडी बांधून घेतली. ह्या कड्या कुठल्या दारासाठी असतात, हे दिनानाथशेठने सांगितलं नाही. तोही थकला होता.

रविवारी कामोठ्याची मंडळी आली. मुलाची आई कमळाबाई सगळ्यांत पुढे. उंबऱ्याशी चपला काढून त्या हॉलात आल्या आणि थबकल्या. समोर दोन सिंह. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पुढे होऊन एका कडीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पिशवीतला नारळ कपाटापुढे ठेवला.

“दार उघडा की, इवाई. दर्शन घेऊ, मंग बसू.”

खरं सांगावं तर पाहुणीचा अपमान, न सांगावं तर देव आणायचा कुठून? त्याने भामाकडे पाहिलं. भामा छताकडे बघत होती. मग त्याने दोन्ही कड्या धरल्या आणि ओढल्या.

आत काही नव्हतं. रिकामे खण, आणि पॉलिशचा वास.

“देव बसवायचे हायत अजून?” कमळाबाईंनी हळूच विचारलं.

“देव सैपाकघरात हायत,” भामाला राहवलं नाही. “हे कपाट हाय, ताई. कपबश्यांचं! कडी पसंत करता करता ह्यांचा उन्हाळा गेला, नव्या कपबश्या आणायच्याच रायल्या.”

कमळाबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. एकदा सिंहाकडे पाहिलं, एकदा कमळाकरकडे. मग चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या दिपिकाकडे, जी हसू दाबता दाबता लाल झाली होती.

“कडीला येक उन्हाळा?” त्या खाली बसत म्हणाल्या. “आमाला तर सून पसंत करायला उंबऱ्यापासून हितपर्यंत पन वेळ नाय लागला.”

भामाने तोच नारळ उचलला आणि डोळे पुसत देवापुढे ठेवायला आत गेली. कमळाकर तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

“काय गं,” तो कुजबुजला, “त्यांना कडी आवडली का नाय, ते काय बोललंच नाय कोनी.”