सात नंबरचा चहा

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारे बरेच जण सुरुवातीला सांगतात की आपला असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि तिसऱ्या परिच्छेदात ताईत बांधून मोकळे होतात. मी अजून बांधलेला नाही. बांधणारही नाही. वडील ईट गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. अमावस्येला ते स्मशानातून सायकल घालून घरी यायचे... धाडस म्हणून नव्हे, तो रस्ता जवळचा होता म्हणून. आम्ही घाबरलो की म्हणायचे, "भूत दिसलं तर नाव विचारून या, माझ्या हजेरीत होतं का बघतो." अशा घरात वाढलेल्या बाईला हे लिहायला अवघड जातंय, एवढं समजून घ्या.

मी भूममध्ये पाण्याच्या टँकरच्या एका ठेकेदाराकडे काम करते. उन्हाळ्यात तालुक्यातल्या गावांना आणि वस्त्यांना टँकरनं पाणी जातं, आणि कुठला टँकर कुठं आहे हे स्क्रीनवर बघत बसणं, हे माझं काम. खोलीच्या दारावर 'कंट्रोल रूम' अशी पाटी आहे. पाटी दारापेक्षा रुंद आहे. आत एक कॉम्प्युटर, भिंतीवर एक टीव्ही, एक लोखंडी कपाट आणि मी. उद्घाटनाला रिबीन होती, फेटे होते, माईक होता. पाहुण्यांनी "आता पाण्याचा एक थेंबही वाया जाणार नाही" असं सांगून कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला आणि त्यातलं अख्खं पाणी कीबोर्डवर सांडलं. आमच्याकडची पहिली गळती ती.

यंत्रणा मात्र चांगली आहे, खोटं कशाला बोलू. प्रत्येक टँकरच्या डॅशबोर्डमागं एक काळी डबी असते, साबणाच्या वडीएवढी. ती उपग्रहांवरून आपली जागा ओळखते आणि तिच्यातलं सिम ती जागा आमच्या सर्व्हरला कळवतं. त्या सिमवरून फोन लागत नाही, दुसरं इंटरनेट चालत नाही. त्याचं नेटवर्क बंदिस्त, कुलूपबंद. ट्रेनिंगला आलेल्या पुण्याच्या इंजिनिअरनं हे दहा वेळा सांगितलं, "मॅडम, बाहेरचं कुणी आत शिरूच शकत नाही." लबाडी करायची तर एकच वाट होती, आणि ती आमच्या लोकांनी पंधरा दिवसांत शोधली. डबी काढायची, मोटरसायकलला बांधायची आणि गावोगाव फिरवायची. स्क्रीनवर खेपा होतात, गावात पाणी येत नाही. म्हणून मग डब्या बसवणाऱ्या अस्लमनं प्रत्येक डबीला सील ठोकलं.

सात नंबरचा टँकर सोपानकाका चालवायचे. साठीला टेकलेले, बारीक, दात पुढं आलेले. त्यांची गाडी कधी रस्ता सोडायची नाही, एक जागा वगळता. ईटच्या पुढं माळावर, जिथं नकाशात काही नाही, तिथं दुपारी दोन-सव्वादोनला गाडी चार मिनिटं उभी राहायची. रोज. स्क्रीनवर लाल पट्टी यायची — 'अनधिकृत थांबा'.

मी फोन केला.

"काका, माळावर काय काम असतं तुमचं?"

"म्हातारी हाय एक, ताई. इंदराबाई. एकलीच ऱ्हाती, एक शेळी हाय तिची. बॅरल भरून देतो तिचं, दुसरं काय न्हाय."

"यादीत नाही ती वस्ती."

"एका घराला वस्ती कोन म्हनतंय? पन तहान लागती की तिला. तहानीला यादी ठाव न्हाय."

"इथं लाल दिसतंय, काका. मला रिपोर्ट द्यावा लागतो."

"तुमच्या टीव्हीत लाल दिसतंय व्हय? हितं येऊन बगा, म्हातारीच्या बॅरलात निळं दिसतंय."

मी हसले. मग म्हणाले, तिचं नाव यादीत घालायचा अर्ज मी लिहिते, तोवर थांबू नका.

"तोवर काय पील ती?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होते.

मग मी जे केलं, ते तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. नकाशावर त्या जागेभोवती मी एक छोटं वर्तुळ काढलं. अशा वर्तुळात गाडी थांबली तर लाल पट्टी येत नाही. वर्तुळाला नाव द्यावंच लागतं. मी नाव दिलं — 'चहा'. ड्रायव्हरनं चार मिनिटं चहा घेतला तर कुणी विचारत नाही.

लाल पट्टी गेली. काकांचा फोन आला, "ताई, चा लई ग्वाड झाला." प्रत्यक्षात इंदराबाई त्यांना चहा नव्हे, गूळपाणी द्यायची. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग काय ते बोलणं. त्यांनीच दिलेलं पाणी, त्यांनाच.

अर्ज मी लिहिला नाही. लाल दिसत नव्हतं ना. त्यामुळे घाईही नव्हती. दोन उन्हाळे गेले.

या मे महिन्यात एका सकाळी सात नंबरचा टँकर पाणी भरायच्या विहिरीवर पाऊण तास उभा दिसला. टाकी भरायला वीस मिनिटं पुरतात. मी फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि म्हणाला, "बाई, काका स्टेरिंगवर डोकं ठिऊन बसलेत. उठंनात." त्या आधीच्या दोन कॉलमध्ये मी मनात त्यांना रागावत होते, हे माझ्या लक्षात आहे.

काकांच्या मातीला मी गेले. गाडीच्या मालकानं गाडी नेली. अस्लमनं सील तोडून डबी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्यावर नवा टँकर, नवा ड्रायव्हर. त्यानं विचारलं, "मॅडम, मॅपवर हे चहा काय आहे?" मी म्हणाले, आधीचे काका थांबायचे. तो म्हणाला, "मी चहा पीत नाही." विषय संपला. एवढ्या वाक्यात एक माणूस अडकलाय, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. शपथेवर सांगते, आठवलं नाही. माझ्याही डोक्यात तो थांबा चहाच झाला होता.

चार-पाच दिवसांनी, दुपारी दोन वाजता, सात नंबर हलला.

स्क्रीनवर विहिरीपासून ठिपका निघाला. ईटवरून पुढं गेला, दोन वाजून दहा मिनिटांनी माळावर थांबला. चार मिनिटं. मग परत विहिरीवर, आणि गायब. माझ्या मनात पहिली आली ती मोटरसायकल. कुणीतरी डबी पळवलीय! तावातावानं कपाट उघडलं. डबी होती. त्याच वर्तमानपत्रात, वायर तुटलेली.

अस्लमला बोलावलं.

"आतली बॅटरी असेल थोडी," तो म्हणाला.

"असेल. पण डबी कपाटात आणि ठिपका माळावर, हे कसं?"

त्यानं डबी उघडून बॅटरी काढली, सिम काढलं. सिम मी पर्समध्ये ठेवलं. "अब देखो मॅडम, कसा हलतो."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो हलला. अस्लम माझ्या मागं उभा होता. त्यानं बाजूची खुर्ची ओढली आणि बसला.

पुण्याला फोन केला. इंजिनिअर म्हणाला, "इम्पॉसिबल, मॅडम. क्लोज्ड नेटवर्क आहे. बाहेरचं काही आत येऊच शकत नाही."

"मग हे आतलंच आहे का?"

"तुम्ही स्क्रीनशॉट पाठवा, मी तक्रारीचं तिकीट काढतो."

तिकीट निघालं. जुना डेटा पुन्हा दिसत असावा, असं त्यांचं उत्तर आलं. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शहाण्या माणसाला एक सोय असते, कारण मिळालं की उठावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी ठिपका माळावर थांबला तेव्हा मी जवळ जाऊन बघितलं. ठिपक्याखाली माझ्याच हातानं लिहिलेलं नाव होतं. चहा. चहा नव्हताच कधी तिथं! तिथं एक म्हातारी होती, आणि काका जाऊन आठवडा झाला होता.

दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ठेकेदारांची मीटिंग होती, मला बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला अस्लमच्या मोटरसायकलवर निघालो. ऑफिसातला पाण्याचा जार मांडीवर घेतला होता. का घेतला, हे अस्लमनं विचारलं नाही.

माळावर पत्र्याचं एक घर, एक लिंब, लिंबाला शेळी. बॅरलचं झाकण काढलेलं होतं. इंदराबाई बॅरलला टेकून जमिनीवर बसली होती. ओठ फुटलेले. आम्हाला बघून आधी पदर सारखा केला. मी तांब्या भरून दिला तर तिनं अर्धा शेळीपुढं ठेवला, मग आपण प्याली. बॅरलच्या तळाला गाळ होता. त्यावरच दिवस काढले होते तिनं.

"टँकरवाल्याची मानसं का तुमी?"

"हो, आजी."

"मग त्याला इचारा, काय रागावलाय का माज्यावर?" तिला बोलायला वेळ लागत होता, पण थांबत नव्हती. "मागल्या बारीला म्या म्हनले, बॅरल निम्मंच भरलंस रं आज, हात आकडला का तुजा? थट्टा केली हो! त्याला लागलं दिसतंय. चार दिस फिरकलाच न्हाय, आन आता रोज येतो, हारन वाजवतो. म्या पाइप धराया उठते, तर गाडी न्हाय. आसं करावं का म्हाताऱ्या मानसासंगं?"

अस्लम जमिनीकडं बघत होता. मीही बघितलं. घरापुढच्या धुळीत शेळीचे खूर होते, तिची पावलं होती आणि आमच्या मोटरसायकलची एक रेघ. टँकरच्या चाकाचं काही नव्हतं.

"आजी," मी म्हणाले, "सोपानकाका गेले."

"कुठं?"

"वारले. विहिरीवरच. आठवडा झाला."

मी रडण्याची तयारी ठेवली होती, तिच्या. ती रडली नाही. बॅरलच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"मेला व्हय," ती म्हणाली. "आन म्या शिव्या दिल्या त्याला रोज." मग थोड्या वेळानं, "मंग पानी कुटनं आनंल बिचारा. नुसतं येनंच त्याच्या हाती."

मी नव्या ड्रायव्हरला फोन करून टँकर वळवायला सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, लाल येईल. ही खेप दुसऱ्या गावाची आहे." म्हटलं, येऊ दे लाल. आम्ही वाट बघत लिंबाखाली बसलो. दोन वाजून गेल्यावर इंदराबाईनं मान वर केली आणि म्हणाली, "वाजला बगा."

आम्हाला काही ऐकू आलं नाही. मी अस्लमकडं बघितलं, त्यानं मान हलवली. ऊन होतं, वारासुद्धा नव्हता. पण ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, आमचा आधार न घेता उठली, आत जाऊन गुळाचा खडा आणला, जारमधून तांब्या भरला आणि अंगणाच्या कडेला, जिथं गाडी उभी राहायची म्हणे, तिथं नेऊन ठेवला. "उन्हातनं आलाय," एवढंच म्हणाली. पाऊण तासानं खरा टँकर आला.

ऑफिसात परतल्यावर मी नोंद उघडली. सात नंबर दोन दहाला माळावर पोचलेला. त्या दिवशी चार मिनिटं नव्हती. तिचं बॅरल काठोकाठ भरेपर्यंत ठिपका तिथंच होता. त्यानंतर विहिरीवर परत गेल्याची नोंद नाही. त्यानंतर कसलीच नोंद नाही, आजपर्यंत.

अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. एक पान लागलं. दोन वर्षं ज्याला वेळ मिळाला नव्हता, ते वीस मिनिटांत झालं. नाव यादीत चढायला पुढं बरेच दिवस गेले. वर्तुळ मी पुसून टाकलं होतं, त्यामुळे तोवर त्या जागी रोज लाल पट्टी यायची आणि मी रोज ती रिपोर्टमध्ये लावायची. कारणाच्या रकान्यात लिहायची: 'पाणी दिले.'

पुण्याहून मेल आला की तुमची अडचण सोडवण्यात आली आहे, सेवेबद्दल पाच पैकी किती तारे द्याल. ठिपका कसा फिरला, हे त्यांना माहीत नाही. मलाही नाही. डबी आणि बॅटरी वेगवेगळी माझ्या कपाटात आहेत, सिम अजून पर्समध्येच आहे. कुणाला तपासायची असतील तर जरूर या. खरं कारण सापडलं तर मला आनंदच होईल. वडील असते तर त्यांनी नाव विचारलं असतं. नाव मला माहीत आहे, अडचण तीच आहे.

मी आता महिन्यातून एकदा माळावर जाते. टँकर येऊन गेला की इंदराबाई बॅरलमधला पहिला तांब्या भरून त्या जागेवर ठेवते, वर गुळाचा खडा. संध्याकाळी तांब्या रिकामा असतो, असं ती सांगते. शेळी पीत असणार. शेळीच. मागच्या खेपेला मी बघितलं, तिनं आता शेळी घराच्या मागं बांधायला सुरुवात केली आहे.