बारा काठ्या, एकसारखा माल

न्हावा शेवाला बंदर झालं आणि आमच्याकडच्या लोकांना खोटं बोलायला एक नवीन वाक्य मिळालं: "कस्टममधून सुटलेला माल आहे." नव्वदीच्या त्या वर्षांत जुईनगरपासून वाशीपर्यंत जे काही विकलं जायचं ते कस्टममधूनच सुटलेलं असायचं. घड्याळं, अत्तरं, छत्र्या, एकदा तर पापडसुद्धा. मी स्वतः एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरीला होतो. अर्धा दिवस कस्टमच्या खिडकीपुढे कागद घेऊन उभा असायचो आणि तिथून साधी टाचणी सुटायला किती दिवस लागतात हे मला पाठ होतं. तरी मी फसलो. जपानी म्हणून घेतलेला टू-इन-वन घरी आणून उघडला, तर कॅसेटच्या जागी नुसतं झाकण होतं आणि वजन भरावं म्हणून आत सिमेंटचा तुकडा ठेवला होता. त्यानंतर बायको मला कोथिंबीर आणायलाही एकट्याला पाठवेना.

अशात ऑफिसात नवे साहेब आले. दिल्लीकडचे होते. माणूस ओळखायचा तर गोल्फच्या मैदानावर, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही सगळे तोपर्यंत माणूस पगाराच्या दिवशी ओळखत आलो होतो. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं की ज्याला शिकायचं असेल त्यानं रविवारी खाडीपलीकडच्या क्लबात यावं, फक्त काठ्यांचा सेट स्वतःचा आणावा. मी तेव्हा उरलेला अर्धा दिवस यार्डात भर उन्हात कंटेनरचे नंबर तपासत फिरायचो. साहेबांच्या केबिनबाहेर एसीत एक खुर्ची रिकामी होती. ती खुर्ची डोळ्यांपुढे ठेवून मी हात वर केला. आजूबाजूला पाहिलं तर बाकी कुणीच केला नव्हता.

मग ऑफिसात सल्ल्यांचा पाऊस पडला. ज्यांनी आयुष्यात विटीदांडूपलीकडे काही धरलं नव्हतं ते मला गोल्फच्या डुप्लिकेट मालाबद्दल सांगायला लागले. एक म्हणाला, चुंबक लावून बघ. दुसरा म्हणाला, मुठीच्या रबराचा वास घे, खऱ्या मालाला वास येत नाही. तिसऱ्याच्या मते खऱ्या मालालाच वास येतो. शेवटी बायकोनं निकाल दिला, "अहो, मामांना घेऊन जा."

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. साताऱ्याकडून तरुणपणी मुंबईला आले, कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या, आणि बाजार वाशीला हलला तेव्हा ते पाठीवरून डोळ्यांवर आले होते. म्हणजे शेठच्या गाळ्यावर माल पारखायला बसायचे. ट्रक आला की मामा गोणीच्या तोंडाशी असलेल्या कांद्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. सरळ गोणी उलटी करायला लावायचे. मोठा कांदा वेगळा, बारकी गोल्टी वेगळी, आणि दोन्ही एकत्र दिसले की समोरच्याचा उद्धार. त्यांचं सगळं शास्त्र एका शब्दात होतं: एकसारखा. माल एकसारखा असला की तो एक नंबर.

भाव तेव्हा रुमालाखाली ठरायचे. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि बोटांनी बोलायचं. अख्खा पंजा धरला की पाच. वर जेवढी बोटं दाबली तेवढी त्यात मिळवायची. सौदा पटला की हात घट्ट दाबायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही म्हणता काही कळत नसे. मामांच्या खांद्यावरचा पंचा घाम पुसायला कमी आणि या कामाला जास्त वापरला जायचा.

पण त्या वर्षी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि एक ट्रक खराब निघाला. त्यांच्या पारखण्यातली पहिलीच चूक. शेठ तोंडानं काही बोलला नाही, पण माल बघायला त्यानं आपल्या साडूला बसवलं. मामा रोज बाजारात जायचे, चहा प्यायचे आणि साडूनं उलटी न करता घेतलेल्या गोण्या बघत बसायचे. आमच्याकडे आले तरी बोलायचे नाहीत. मी "एक वस्तू घ्यायची आहे, फसवतील अशी भीती वाटते," म्हटल्यावर हा माणूस ताठ बसला. कसली वस्तू हे विचारलंसुद्धा नाही. पंचा धुवायला टाकला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की गोल्फ राहिलं बाजूला, मामांना अजून माल कळतो की नाही याची ही परीक्षा आहे. आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःला घातली होती.

जुईनगरला स्टेशनजवळ एका गाळ्यात उरणकडचा एक माणूस असला माल ठेवायचा. आम्ही गेलो तर तो खुर्चीत बसून शेंगा खात होता. गोल्फ म्हटल्यावर त्यानं आतून एक पिशवी आणली. मामांनी नेहमीप्रमाणे ती उलटी केली. लादीवर खळखळ काठ्या पडल्या. एक लांब, एक आखूड, एक जाड डोक्याची, एक चपट्या डोक्याची. मामांचा चेहराच बदलला.

"आरं, ह्यात येक बी काठी येका मापाची न्हाय."

"मामा, सेट हाय तो," उरणवाला म्हणाला. "काठ्या लानमोठ्याच असतान."

मामांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मोठ्या कांद्यात गोल्टी मिसळणारा प्रत्येक जण 'असाच असतो' हेच म्हणतो, हे मला त्यांनी लहानपणापासून सांगितलेलं होतं. मग त्यांनी एक काठी उचलून डोळ्यांजवळ नेली. बुडाशी आकडा कोरलेला होता. दुसरी उचलली, तिच्यावर दुसरा आकडा.

"ह्यो आठ नंबर. आन ह्यो नऊ नंबर! नऊ नंबरचा माल आमाला दावतूस? येक नंबर कुटं ठेवलायस?"

"मामा, ते नंबर तसलं नाय..."

"मला नंबर शिकवतूस व्हय?"

उरणवाल्यानं हात जोडले. मी चुंबक खिशात घेऊन उभा होतो, पण ते काढायची हिंमत झाली नाही. मामांची नजर कोपऱ्यातल्या दुसऱ्या पिशवीवर गेली होती. तीही उलटी झाली. बारा काठ्या. सगळ्या एका लांबीच्या, एका वजनाच्या, एका डोक्याच्या. मामांनी त्या भिंतीला ओळीनं उभ्या केल्या आणि वरून हात फिरवला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर मी तो आनंद बघत होतो.

"ह्याला म्हनायचं माल."

"मामा, खरं सांगतो," उरणवाला म्हणाला, आणि तो खरंच खरं सांगत होता, "ह्या सगल्या सात नंबरच्या हान. कुन्या हॉटेलवाल्यानं शिकवनीसाठी मागवलेल्या, तो सोडवाया आलाच नाय. कोन घेत नाय ह्या."

"सात तर सात. पर समदा येकसारखा हाय का न्हाय?"

"एकसारखा हाय."

"मग झालं."

मामांनी त्याचा हात धरून वर पंचा टाकला. उरणवाला दचकला, मग लाजला, मग खिदळायलाच लागला. "मामा, गुदगुल्या होतान, तोंडानं बोला ना." नाइलाजानं मामांनी भाव तोंडानं सांगितला, आणि तो माणूस पहिल्याच बोलीला हो म्हणाला. वर एक डझन चेंडू आणि पिशवी फुकट दिली. इतक्या चटकन हो म्हणणाऱ्यापासून सावध राहावं, एवढी अक्कल मला टू-इन-वनच्या वेळी आलेली असायला हवी होती. पण मामा पिशवी खांद्यावर घेऊन असे चालले होते की मी गप्प राहिलो. बायकोनं फ्रीजसाठी साठवलेले पैसे त्या पिशवीत गेले होते.

रविवारी क्लबात मला एक कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा गडी, मिळाला. पन्नाशीचा, आणि बोलण्यावरून मामांच्याच भागातला. साहेब दूरवर हात हलवत होते. कॅडीनं माझ्या पिशवीतून एक काठी काढली, बूड बघितलं, आत ठेवली. दुसरी काढली. तिसरी. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "साहेब, कुनी घिऊन दिलं ह्ये?"

"मामांनी."

"मामा गोल्फ खेळत्यात?"

"कांदे बघतात."

त्यानं पिशवी गवतावर टेकवली. मग त्यानं मला सगळं समजावलं. लांब मारायची काठी वेगळी, जवळ मारायची वेगळी, भोकाजवळ नुसता धक्का द्यायची वेगळी. लानमोठ्याच असतान. उरणवाल्याचा एकूण एक शब्द खरा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एक प्रामाणिक दुकानदार भेटला होता आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला खोटं पाडलं होतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"तुमी नुसतं हात फुडं करा," तो म्हणाला.

त्यानंतर त्या माणसानं जे केलं त्याला तोड नाही. प्रत्येक फटक्याआधी तो लांबवर नजर टाकायचा, वारा बघायचा, मान हलवायचा, आणि पिशवीतून निवडून एक काठी काढून माझ्या हातात द्यायचा. सात नंबर. पुढच्या फटक्याला ती परत घेऊन, जरा विचार करून, दुसरी द्यायचा. सात नंबर. मी गवत उपटलं, चेंडू तळ्यात घातला, एकदा स्वतःच्याच बुटावर मारून घेतलं. शेवटी साहेबांनी पिशवीत डोकावलंच. कॅडी शांतपणे हिंदीत म्हणाला, "साब, सीखनेवाले को साल भर सात ही खेलना चाहिए. ये बराबर सीख रहे हैं." साहेबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. चाळिशीपर्यंत कुणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. एसीतली खुर्ची मात्र मिळाली नाही. सहा महिन्यांत साहेबांचीच बदली झाली, आणि पुढचे साहेब बुद्धिबळवाले निघाले.

पण त्या दुपारी घरी येताना मी खुर्चीचा विचार करत नव्हतो. मला मामांचा राग आला होता. खूप. पायाला फोड आले होते, फ्रीज गेला होता, आणि बाराही काठ्या मामांच्या पुढ्यात उलट्या करून विचारावं असं डोक्यात होतं की बघा, हा तुमचा एकसारखा माल. सोसायटीच्या गेटापाशी मामा उभे होते. धुतलेली टोपी. बरोबर आमच्या बिल्डिंगमधली तीन-चार माणसं. मामांनीच त्यांना जमवलं असणार.

"कसा निगाला माल?" मामांनी विचारलं.

आवाज नेहमीचाच होता, पण पंच्याचं टोक त्यांनी मुठीत पिळून धरलं होतं. ते मी बघितलं आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"एक नंबर, मामा."

"येकसारखा हाय न्हवं?"

"अगदी एकसारखा."

हे तरी खोटं नव्हतं. मामांनी मूठ सोडली आणि जमलेल्या लोकांकडे वळून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाजारात गोल्फबद्दल बोलायला लागले. साडू बसलाच होता, पण लोक मामांना जुनी स्कूटर बघायला, कपाट बघायला, एकदा तर जावई बघायला न्यायला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मामा पुन्हा सगळं उलटं करून बघू लागले. आमच्या घरी काठ्या कामाला लागल्या. एकीनं माळ्यावरची पिशवी ओढायची, एकीनं वाळत घातलेले कपडे काढायचे, एक वॉचमनला कुत्र्यांसाठी दिली. एक मामांनी हातात धरायला घेतली. लोखंडी डोकं हातात, रबरी मूठ जमिनीवर. रबर झिजलं तशी चालताना टकटक वाजायला लागली.

दोन-तीन वर्षांनी घरात केबल आली. एका संध्याकाळी मामा आमच्याकडे जेवायला आले होते, बायको भाजी निवडत होती आणि मी चॅनल बदलत होतो. मध्येच गोल्फ लागलं. मी घाईनं पुढचं बटण दाबणार, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." टीव्हीवर कुणी गोरा खेळाडू पिशवीपाशी उभा होता आणि कॅमेरा नेमका पिशवीत. एक लांब काठी, एक आखूड, एक जाड डोक्याची, एक चपटी. खेळाडूनं एक मारली, चालत पुढे गेला आणि दुसरी मागितली. मामा दोन्ही हात आपल्या काठीवर ठेवून बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

बऱ्याच वेळानं ते मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, ह्या बाबाला कुनीतरी लई फशिवलंय बग. येक बी काठी येका मापाची न्हाय."

"त्याच्याबरोबर तुम्ही कुठे होतात, मामा," बायको मनापासून म्हणाली.

"व्हय की," मामा म्हणाले.

मग त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता माझा हात ओढून घेतला आणि वर पंचा टाकला. आधी अख्खा पंजा धरला. मग दोन बोटं दाबली. सात.

माझे डोळे भरून आले होते आणि बायको समोरच बसली होती, म्हणून मी खाली मान घातली आणि मामांचा हात घट्ट दाबला.