बांधावरचं गाऱ्हाणं

आमच्या घरामागून पऱ्या वाहतो. ओढाच तो, पण आमच्याकडे त्याला पऱ्याच म्हणतात. भातकापणी उरकली की मी आणि माझा चुलतभाऊ त्यावर बांध घालायचो. कातळाचे दगड, निरगुडीच्या फांद्या, पातेरा म्हणजे सुका पाला, आणि वरून चिखल. आधी भाऊ नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचा, "बा म्हाराजा, ह्या पान्याची राखन कर." आम्ही जमलेले सगळे म्हणायचो, "व्हय म्हाराजा."

पाणी तुंबलं की वरच्या अंगाला छान पाणथळ व्हायची. बेडूक यायचे, मासे यायचे, त्यांच्यामागून बगळे, आणि उदांची एक जोडी. ऊद म्हणजे पाणमांजर. गेल्या वर्षी तर ती पिल्लं घेऊन आली. भावाच्या मुलीने तेव्हा मोबाइलवर बीव्हर दाखवला. दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालतो, त्यावर अख्खी पाणथळ जगते. संपत आलेलं हे जनावर तिकडे परदेशात लोक मुद्दाम आणून सोडतात म्हणे. "काका, हा तुम्ही आणि हा बाबा," ती म्हणाली. "दात तेवढे तुझे पुढं हायत," भाऊ मला म्हणाला. खूप हसलो आम्ही.

यंदा ग्रामसभेत पऱ्या 'साफ' करायचा विषय निघाला. जेसीबी लावून सरळ आणि खोल करायचा, बांधबिंध काही नको. मी बोलायला उठत होतो. भाऊ कानाशी म्हणाला, "मी हाय ना. तू गप ऱ्हा, मी बोलतो." मी गप्प राहिलो. तो बोललाच नाही. ठरावाच्या बाजूने हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात त्याचा.

मागाहून कळलं, तुंबलेल्या पाण्याने त्याच्या नव्या हापूस कलमांना ओल लागत होती. अरे, मग सांगायचंस की. बांध हातभर खाली घेतला असता. एका ताटात जेवलो आपण. कलमांचा राग नाही मला. मला गप्प बसवलंस, तो राग आहे, आणि तो जात नाही.

जेसीबी आला त्या सकाळी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला तोच पुढे झाला. आवाज तोच, हात तसेच जोडलेले. "बा म्हाराजा, हाती घेतलेला काम नीट पार पाड." मी पाण्याकडे बघत होतो, ऊद कुठे दिसतात का म्हणून. त्या आवाजामागून जन्मभर म्हणत आलो, ते सवयीने तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि सुटल्यासारखा हसला.