पाटीसाठी पाडलेलं भोक

घर भाड्याने देताना मालकीणबाईंनी एकच अट घातली होती: लाकडाला भोक पाडायचं नाही. अमेरिकेतल्या एडिसनपासून तासाभरावरचं ते घर त्यांच्या ज्यू पूर्वजांनी, कापडाच्या व्यापाऱ्यांनी, इंग्रजांच्या राज्यात बांधलेलं. अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध बंड पेटलं तेव्हा या घरातला नवरा बंडखोर सैन्याला कापड पोचवायला गेला. इकडे इंग्रज फौज गावाशी आली आणि त्याची बायको पोरांना घेऊन पळाली. पळण्याआधी तिने मेझुझा, म्हणजे ज्यू घरांच्या दाराच्या चौकटीवर असते, येता-जाता जिला हात लावतात ती प्रार्थनेची चामडी गुंडाळी, घरात लपवली.

"आजीने शोधली, आईने शोधली. मी जमिनीच्या फळ्या उचकटल्या," बाई म्हणाल्या होत्या. "मरायच्या आत एकदा बघायचीय."

मी पडलो पुण्याचा. पाटी नसलेलं घर मला धर्मशाळा वाटतं. चार महिने कळ काढली आणि पितळी मराठी पाटी मागवली.

"अरे, वाचणार कोण? कुरिअरवाला?" बायको म्हणाली. "आणि मालकीणबाईंची अट?"

"दोनच स्क्रू यार. भोक पाटीच झाकेल."

जागा ठरलेलीच होती. बूट काढताना मी दाराच्या चौकटीला हात टेकायचो, तिथे खांद्याच्या उंचीवर, रंगाच्या थरांखाली, एक गुळगुळीत खळगा होता. माझ्या हाताहून किंचित लहान. वारा सुटला की तिथून खरखर यायची. उंदीर असतील, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

दुपारीच अंधारून आलं होतं. ड्रिल अर्धा इंच गेलं आणि पुढे लाकूडच लागेना. भोकातून गार हवा बोटांवर आली, कुणी श्वास सोडावा तशी. ड्रिलच्या टोकाला पिवळट चामड्याचा तंतू होता, त्यावर काळी शाई.

बायकोने माझ्या हातात फोन दिला. "आता बाईंना तूच सांग."

बाई आल्या, बुटांसकट थेट आत. रंग खरवडून त्यांनी गुंडाळी काढली, टेबलावर उलगडली. एक अक्षर माझ्या ड्रिलने नेलं होतं.

"एक अक्षर गेलं तरी ही दाराला चालत नाही," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ रडल्या. "पण तुला जागा कळली कशी?"

"बूट काढताना हात टेकतो तिथे."

"आम्ही कधी दारात बूट काढलेच नाहीत."

त्या चौकटीपाशी गेल्या, खळग्यावर हात ठेवला. तळवा त्यात नेमका बसला. बाहेर वारा सुटला. गुंडाळी टेबलावर होती, तरी चौकटीतून खरखर आली. बाईंनी हात काढला नाही.

मी पाटी पाठीमागे लपवली.