कच्च्या सिमेंटवरची कॅप

मुकुंदा गेल्याचा फोन आला, तेव्हा लातुरात मी सुपारी चघळत होतो, तीही नेमकी त्यानं बंदी घातलेल्या बाजूनं…

नांदेडात दातांचे डॉक्टर लई. पण पळालेला पेशंट वासावरून हुडकणारा हा माझा दोस्त एकटाच. आमच्याकडं रूट कॅनल झालं, ठणका थांबला, की माणूस दाढ बरी झाली समजून गावाकडं जातो. वर कॅप बसवायची असते, हे त्याच्या गावीच नसतं. "आतून पोकळ झालीय रे, फुटंल टरफलावानी!" असं मुकुंदा फोनवर ओरडायचा. फोन उचलला नाही, की मोटारसायकल काढायचा. हिमायतनगरच्या एका आजोबांना तुरीच्या रानात गाठून त्यानं बांधावरच दाढेचं माप घेतलं. मी तिथं नव्हतो. पण सांगताना नेहमी असतो.

मीही त्याच पळपुट्या वाणाचा, त्याच्याकडून रूट कॅनल करून लातूरला सटकलेला. रेणापूरच्या लग्नात पंगतीला पापड फोडून राहिलो होतो, तर मागून आवाज आला, "कॅप बसवली का?"

"हाव, लातुरातच," मी थाप मारली.

"आ कर."

अख्ख्या पंगतीसमोर! मोबाईलची बत्ती तोंडात घालून म्हणाला, "कोपरा गेलाय, गड्या. अजून उशीर केलास तर दाढच काढावी लागंल."

मग मुकाट्यानं नांदेड गाठलं. त्याची रीत अशी, की कॅप आधी कच्च्या सिमेंटवर बसवायची. आठ दिवस भाकरी खाऊन बघायची, कुठं उंच लागली तर घासायची, मगच पक्की. तोवर त्या बाजूनं कडक काही नाही. मी तीन आठवडे फिरकलो नाही. खरं सांगतो, मुद्दाम. तो शोधत येईल, शिव्या देईल, जेवून जाईल… आला तो फोन.

परवा त्याच्या लेकीनं, स्नेहलनं, बोलावून घेतलं. दवाखाना आता तीच बघते. "काका, ही काढून पक्की करू."

"राहू दे पोरी. तुझ्या बापानं बसवलीय, हत्तीनं ओढली तरी निघायची न्हाई."

"तीच परत बसवते, काका. बाबांचीच."

टक्कन निघाली. तिनं ती पुसली, सिमेंट भरलं, जागेवर दाबली अन् वर कापूस ठेवला. "आता घट्ट चावा. मी म्हणेपर्यंत सोडू नका."

मी चावलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका, सोडा." मग परत म्हणाली. मला ऐकूच आलं नाही…